मोकळा सोडलेला गडी

लीटाने आणखी एक चाल पुसली. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दोनशे सहावरून दोनशे पाचवर आला. तिने अंगठा हलवला, पुढची चाल उजळली. तिने तीही पुसली.

"तिचं बटण अडकलंय का रे?" मागून ड्वेन पोकॉर्नीने विचारलं.

"बटण नाही, डोकं अडकलंय," क्लेटन बार्टा म्हणाला. "ओळीने तीन सामने हरलं की होतं असं."

चर्चच्या तळघरात हशा पिकला. रविवारची प्रार्थना आटोपली होती. चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्शाचं, पातेलं निम्म्यावर आलं होतं, आणि दालचिनीचे रोल त्या तिखट रश्शात बुडवून खात व्हिडिओ गेमच्या लीगची नऊ माणसं टीव्हीसमोर बसली होती. तळघरातला नियम जुना होता. चढाईची आखणी बदलायची तर इथेच बदलायची, सगळ्यांच्या देखत, सामना सुरू होण्याआधी. त्यामुळे लीटा ह्रुस्का काय करते आहे ते आठही जणांना दिसत होतं, आणि आठही जणांना त्यावर बोलायचं होतं.

"चारशे बारा चाली देतात गेमवाले," ड्वेन म्हणाला. "फुकट. आणि ही बया त्या फेकून देतेय."

"तुला किती लागतात?" लीटाने मान न वळवता विचारलं.

"मला? सगळ्या."

"मागच्या तीन रविवारी मिळून तू अकराच वापरल्यास."

क्लेटनने ड्वेनकडे पाहिलं. "मोजतेय ती, बाबा."

"मोजू दे. मातीवाल्यांना दुसरं काय येतं?"

लीटा शेतकी प्रयोगशाळेत माती तपासायची. काउंटीभरातले शेतकरी कागदी पिशव्यांतून माती आणून देत, आणि कुठल्या शेताला काय कमी पडतं ते ती सांगत असे. एका जागची मूठभर माती तपासून शेत कळत नाही, पंधरा ठिकाणची घ्यावी लागते, हे तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्याआधी, गावची, ओस्लाव्हाची, शाळा चालू होती तेव्हा, चार वर्षं ती शाळेच्या फुटबॉल संघाच्या नोंदी ठेवायची; हातात चेंडू धरून पळायचा, तो अमेरिकन फुटबॉल. कुणी चेंडू नेला, किती यार्ड नेला, कुणी पाडला. पाऊस असो, बर्फ असो, मैदानाच्या कडेला फळीवर कागद दाबून ती उभी असे. मग पटावर पोरं उरली नाहीत, शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळली, आणि ओस्लाव्हाचा हिरवा शर्ट घालून मैदानात उतरणारं कुणी राहिलं नाही. शेवटच्या संघाचा फोटो अजून या तळघराच्या जिन्यात लटकतो. त्यात लीटा नाही. नोंदी ठेवणारी मुलगी फोटोत नसते.

ही लीग त्या शर्टवाल्यांनीच सुरू केली होती. कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम. प्रत्येकाने एकेक कॉलेज सांभाळायचं आणि हंगामभर दर रविवारी एकमेकांशी लढायचं. कॉफीच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून कॉलेजं वाटली जात. राज्याच्या मोठ्या विद्यापीठाची चिठ्ठी मात्र डब्यात कधीच नसे. वेदीवरच्या पवित्र प्याल्यातून कुणी कॉफी पितं का? तसंच ते.

यंदा एक जण ॲरिझोनाला राहायला गेला आणि नववी खुर्ची रिकामी झाली. लीटाने ती मागितली. ड्वेनला ती ओमाहा शहरातल्या आपल्या चुलतभावाला द्यायची होती. त्याने निदान दोन वर्षं तरी हिरवा शर्ट घातला होता. बराच वाद झाला. शेवटी कोचनी निकाल दिला. कोच म्हणजे व्हर्जिल स्टानेक, शाळेच्या संघाला सत्तावीस वर्षं शिकवलेले. शाळा बंद झाली तरी गावात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही.

"एक हंगाम खेळू दे पोरीला," ते म्हणाले होते. "आठ सामने. चार जिंकली तर खुर्ची तिची. नाहीतर ओमाहाच्या पोराला बोलवा."

आता तीन सामने झाले होते आणि तिन्ही ती हरली होती. पाच उरले होते, त्यातले चार जिंकायचे होते.

पहिल्या तीन रविवारी तिनेही सगळ्यांसारखीच आखणी वापरली होती. इंटरनेटवर कुणा वीस वर्षांच्या पोराने शिकवलेली: मैदानभर गडी पांगवायचे आणि लांब लांब चेंडू फेकायचे. तिच्या वाट्याला आलं होतं वाळवंटातलं एक कायम हरणारं कॉलेज. त्याच्या क्वार्टरबॅकला फेकता येत नव्हतं. चेंडू पहिल्यांदा ज्याच्या हाती येतो त्यालाच फेकता येत नसेल, तर पांगवलेले गडी नुसतेच पांगलेले राहतात. पण तो पळायचा मात्र वाऱ्यासारखा.

चौथ्या रविवारी लीटा चाली पुसत बसली, ती यासाठी. आकडा शंभराखाली आला, पन्नासाखाली आला. ड्वेनने दुसरा रोल संपवला. शेवटी सहा चाली उरल्या.

"सहा?" क्लेटन पुढे वाकला. "अगं, बिंगोतसुद्धा याहून जास्त आकडे असतात."

"पाचच आहेत खरं तर. सहावी फेकीची. लाजेकाजेस्तव ठेवलीय."

कोच पलीकडच्या खुर्चीत सूर्यफुलाच्या बिया चावत होते. टरफल कागदी पेल्यात थुंकून ते पडद्याकडे बघत राहिले. "ऑप्शनची चढाई," ते हळूच म्हणाले. "आजोबांचा कोट घालून लग्नाला चाललीय पोरगी."

कोट खरंच आजोबांच्या काळातला होता. चढाईची ही तऱ्हा पन्नास वर्षांपूर्वी या राज्यात घरोघरी माहीत होती. आता मोठी कॉलेजंसुद्धा ती विसरली आहेत. तिच्यातली युक्ती एका वाक्यात सांगता येते. समोरच्या अकरा जणांपैकी एकाला मुद्दाम अडवायचं नाही. मोकळा सोडायचा. क्वार्टरबॅकने फक्त त्याच्यावर नजर ठेवायची. तो आत घुसला तर चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळायचं. तो जागेवर थांबला तर चेंडू मधल्या दांडग्या गड्याच्या पोटात खुपसायचा आणि त्याला सरळ आत पाठवायचं. मोकळा गडी काहीही करो, तो चुकणार.

हे सगळं कोचना माहीत होतं, ड्वेनला माहीत होतं, तळघरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. लीटाने पाच चाली निवडल्या कशावरून, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं.

गेममध्ये बचाव करताना अकरापैकी दहा गडी संगणक पळवतो. एक गडी माणसाच्या हातात असतो, आणि त्याच्या पायाखाली तांबडं कडं दिसतं. तीन रविवार लीटा आपला सामना झाला की घरी गेली नव्हती. मागच्या रांगेत, बॉयलरच्या नळाशेजारी बसून बाकीच्यांचे सामने बघत होती आणि वहीत रेघा मारत होती. संगणकाचा गडी कधी घुसतो, कधी थांबतो. फासे टाकल्यासारखं, काही अंदाज लागत नाही. माणसाचं तसं नव्हतं. ड्वेनचा गडी सदतीस वेळांपैकी तेहतीस वेळा आत घुसला होता. गावाच्या चौरस्त्यावर थांबायची पाटी आहे; तिथे ड्वेनचा ट्रक आजवर कधी पूर्ण थांबलेला नाही.

मग मोकळा सोडायचा तर संगणकाचा गडी कशाला सोडायचा?

डावीकडे टोकाला, उजवीकडे टोकाला, मध्ये, मधल्याच्या डाव्या हाताला, उजव्या हाताला. माणूस स्वतः बचाव करायला उभा राहतो त्या एवढ्याच जागा. प्रत्येक जागेसाठी एक चाल. तांबडं कडं जिथे असेल, तिथली चाल.

त्या दिवशी तिच्यासमोर ड्वेन होता. पहिल्याच चालीला त्याचा गडी बाणासारखा आत सुटला, मधल्या गड्याला त्याने कडकडून मिठी मारली, आणि वाळवंटी कॉलेजचा क्वार्टरबॅक चेंडू घेऊन त्याच्या पाठीमागून साठ यार्ड पळत गेला.

"चेंडू कुठाय?" ड्वेन ओरडला. "अरे, मी पकडलंय त्याला! चेंडू कुठाय?"

"तू भाकरीवाल्याला धरलंस," कोच म्हणाले. "भाकरी केव्हाच गेली."

पुढच्या चालीला तो पुन्हा घुसला. आणि त्याच्या पुढच्याही. दर वेळी खुर्चीतल्या ड्वेनचा उजवा गुडघा आधी वर उठायचा, मग त्याचा गडी सुटायचा. लीटाने बेचाळीस गुण केले. सामना संपल्यावर ड्वेनने कंट्रोलर उलटा करून बॅटऱ्या तपासल्या.

पाचव्या रविवारी ती जिंकली. सहाव्या रविवारी क्लेटनने तिला हरवलं. तो टपाल वाटायचा. चाळीस मैलांत कुठला कुत्रा चावतो आणि कुठला नुसताच भुंकतो ते त्याला पाठ होतं. तांबडं कडं त्याने मैदानाच्या पार मागे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, नेऊन ठेवलं आणि सगळा बचाव संगणकावर सोपवला. लीटाला मोकळा सोडायला माणूसच उरला नाही.

"शरम वाटत नाही?" कोच त्याला म्हणाले. "संगणकाच्या पदराआड लपायचं तर वर जा, बायकांना भांडी घासायला मदत कर."

"जिंकलो ना पण, कोच."

"जिंकलास. खेळला नाहीस."

कोचच्या या एका टोमण्याने लीटाचा हंगाम वाचला. सातव्या रविवारी समोरच्याने मागे लपायचं धाडस केलं नाही, आणि ती सहज जिंकली. तीन विजय, चार पराभव. उरला होता एक सामना, आणि तो कोचशी होता. कोच सलग सात हंगाम ही लीग जिंकले होते. ओमाहाहून ड्वेनच्या भावाने विचारलं होतं म्हणे, की नवा कंट्रोलर आत्ताच घेऊ का.

आठवड्याभरात लीटाने वहीतलं कोचचं पान तीनदा वाचलं. वाचण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. कोच स्वतः नेहमी टोकाचा गडी घेत. सत्तावीस वर्षं त्यांनी त्या जागेच्या पोरांना एकच धडा घोकवला होता: जागा सोडू नकोस, मासा गळाला लागतो तसा लागू नकोस, थांब. ते स्वतः थांबायचेच. एकेचाळीस वेळांपैकी एकेचाळीस वेळा.

माणूस थांबणारच असेल तर चेंडू मधल्या गड्याकडे जाणार, हे ठरलेलं. मधला गडी आत घुसला की साधारण चार यार्ड मिळतात. गुरुवारी प्रयोगशाळेत नमुने वाळत होते तेव्हा लीटाने पिशवीच्या पाठीवर हिशेब मांडला. चार संधींत दहा यार्ड जायचं असतं. तीनदा चार म्हणजे बारा. म्हणजे कोच थांबत राहिले तर तिला कुणी अडवूच शकत नव्हतं. फक्त ते दिसायला फार कंटाळवाणं असणार होतं.

आणि ते कंटाळवाणंच झालं.

"चार," क्लेटनने मोजलं. "पुन्हा चार. अगं, नांगरतेस की खेळतेस?"

"पेरणीला अवकाश आहे अजून," ड्वेन म्हणाला. "कोच, उठवा हो मला काही झालं तर."

कोच बिया चावत होते, आणि त्यांचा टोकाचा गडी जमिनीत खांब रोवावा तसा उभा होता. दर वेळी मधला दांडगा गडी त्याच्या हाताच्या अंतरावरून आत घुसत होता आणि चार यार्डांवर चार-पाच जणांच्या ढिगाखाली गाडला जात होता. लीटाच्या एका चढाईला घड्याळ चारपैकी जवळजवळ एक अख्खा डाव खाऊन टाकायचं. तेवढा वेळ कोचचा क्वार्टरबॅक, लीगमधला सर्वात चांगला फेकणारा, मैदानाबाहेर बाकावर बसून राहायचा. त्याला चेंडू मिळाला की मात्र तीन-चार फेकींत तो मैदानाच्या टोकाच्या रेघेपार जायचा. आख्ख्या सामन्यात चेंडू त्याच्या हाती चारदाच आला. तीनदा त्याने सात-सात गुण केले. चौथ्यांदा लीटाच्या संगणकी गड्याने चेंडू हवेतच लांबवला. ती निव्वळ नशिबाची गोष्ट होती, आणि लीटाने ती वहीत तशीच नोंदली असती, जर हात मोकळे असते.

शेवटची सहा मिनिटं उरली तेव्हा कोच एकवीस होते आणि लीटा सतरा. चेंडू तिच्याकडे होता, आणि रेघ बासष्ट यार्डांवर. रेघेपार गेलं तर सहा गुण, आणि त्यानंतरच्या लाथेचा एक. चेंडू लाथेने खांबांमधून उडवला तर तीनच; ते पुरणार नव्हते.

तळघरातली थट्टा एव्हाना थांबली होती. कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं. वरून भांडी आवरणाऱ्या दोन बायका जिन्यात येऊन बसल्या.

चार यार्ड. तीन. पाच. चार.

लीटाचं आता चेंडूकडे लक्षही नव्हतं. ती तांबडं कडं बघत होती. मैदानावर पाच-पाच यार्डांवर पांढऱ्या रेघा असतात आणि त्यांच्या मध्ये यार्डागणिक छोट्या खुणा. पहिल्या डावात कोचचं कडं मधल्या गड्यापासून बरोबर चार खुणा दूर उभं राहायचं. दुसऱ्या डावात तेवढंच. तिसऱ्यात ते साडेतीनवर आलं होतं. आता ते तिनावर होतं. कोच अजून थांबत होते. एकेचाळीसचे आता सत्तर झाले होते आणि सत्तरही वेळा ते थांबलेच होते. वहीतल्या रेघांत काहीच बदललं नव्हतं. पण ज्या माणसाच्या हाताशेजारून एक दांडगा गडी तीसएक वेळा निघून जातो, त्या माणसाचे पाय कुठे सरकतात हे वहीने कधी मोजलंच नव्हतं.

चार यार्ड. चार. कडं अडीचवर.

"कोच," ड्वेन पुटपुटला, "आता एकदा घुसा ना. एकदाच."

"तोंड मिट."

बासष्टाचे एकोणीस झाले. एकोणिसाचे तेरा. तेराचे नऊ. लीटाने घड्याळ थांबवलं तेव्हा चार सेकंद उरले होते. म्हणजे एकच चाल.

तिने खाली बघून तळवे पँटला पुसले. नऊ यार्ड. मधला गडी चार आणतो. हे तळघरातल्या सगळ्यांना समजत होतं, आणि कोचना सगळ्यांत आधी समजलं होतं. त्यांनी नुसतं उभं राहायचं होतं. थांबले की चेंडू आत जाणार, चार यार्डांवर ढीग होणार, आणि खुर्ची ओमाहाला जाणार.

"फेकणार ती," क्लेटन कुजबुजला. "लाजेकाजेची काढणार बघ."

चालींची यादी पडद्यावर आली. सहा ओळी. लीटाचा अंगठा सहाव्या ओळीवर गेला आणि क्षणभर तिथे राहिला. तिचा क्वार्टरबॅक हंगामभरात चौदा वेळा फेकायला गेला होता. दोनदाच चेंडू आपल्या गड्याच्या हातात पडला होता. तिने अंगठा वर सरकवला आणि मघाचीच चाल पुन्हा निवडली.

ड्वेनने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "नांगरच पुन्हा! बाई गं!"

गडी रांगेत उभे राहिले. कोचचं कडं टोकाला होतं, दोन खुणांवर. लीटाने चेंडू मागितला नाही. चार सेकंदांचं घड्याळ चेंडू हलेपर्यंत थांबलेलंच असतं, आणि चाल सुरू करायला तिला अजून पंधरा सेकंद होते. ती थांबली. शेजारी कोच बिया चावत होते, कट् कट्, एका लयीत, जसे दुपारपासून चावत होते. दहा सेकंद उरले. आठ. कट् कट्.

सहा उरले तेव्हा तो आवाज थांबला.

तिने बटण दाबलं.

तांबडं कडं सुटलं. सत्तरहून अधिक वेळा खांबासारखा उभा राहिलेला गडी मधल्या दांडग्यावर असा तुटून पडला की दोघं मिळून मागे कोसळले, आणि तिथे चेंडू नव्हता. वाळवंटातल्या कॉलेजचा न फेकता येणारा पोरगा तो पोटाशी धरून कोचने सोडलेल्या जागेतून बाहेर पडला होता. पाच यार्ड. सात. एक संगणकी गडी आडवा झेपावला, त्याचा हात टाचेला घासला. पोरगा कोपऱ्यातल्या नारिंगी खुणेवर आडवा पडला, आणि त्याने पुढे केलेला चेंडू रेघेच्या पलीकडे टेकला.

घड्याळ शून्यावर होतं. तेवीस, एकवीस.

आधी जिन्यातल्या बायकांपैकी एकीने किंकाळी फोडली. मग क्लेटन खुर्चीवर चढला आणि त्याचं डोकं बॉयलरच्या नळाला आपटलं, तरी तो ओरडतच राहिला. ड्वेन उभा होता, तोंड उघडं, हातात अर्धा रोल. कुणीतरी लीटाच्या पाठीत इतक्या जोराने थाप मारली की तिच्या हातून कंट्रोलर पडला. तो उचलायला ती वाकली, आणि वाकलेली असतानाच तिला हसू फुटलं. ते आवरेना, म्हणून ती तशीच गुडघ्यांवर हात ठेवून थोडा वेळ जमिनीकडे बघत हसत राहिली.

कोच पडद्याकडेच पाहत होते. त्यांनी ती चाल पुन्हा लावली. मग पुन्हा, सावकाश. स्वतःचा गडी सुटतो त्या क्षणाला त्यांनी चित्र थांबवलं. गोंगाट हळूहळू निवला.

"मला थांबायचं होतं," शेवटी ते म्हणाले.

"हो, कोच."

"थांबलो असतो तर संपलं होतं."

"हो."

"सत्तावीस वर्षं मी पोरांना हेच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि तिच्याकडे वळून पाहिलं. "मी सुटणार हे तुला कधी कळलं? सुटायच्या आधी कळलं होतं. तुझा पोरगा मधल्याकडे बघतसुद्धा नव्हता."

लीटाने क्षणभर विचार केला. प्रयोगशाळेत कुणी असं विचारलं तर ती पद्धत सांगायची. लपवायचं काही नसतं.

"तुमचं चावणं थांबलं," ती म्हणाली.

कोचनी पेल्यातल्या टरफलांकडे पाहिलं.

"आणि ड्वेनचा गुडघा वर उठतो," ती पुढे म्हणाली, कारण आता सुरुवात झालीच होती. "क्लेटन श्वास रोखतो. तुम्ही एकटेच असे होतात की काहीच हलत नव्हतं. म्हणून वेळ लागला."

ड्वेनने स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. तो गुडघा इतकी वर्षं त्याच्याजवळ होता, पण त्याने तो पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहिला.

कोच सावकाश उठले. टोपी डोक्यावर बसवली. दाराशी जाऊन ते थांबले आणि मागे न वळता म्हणाले, "चार."

"काय, कोच?" ड्वेनने विचारलं.

"चार सामने जिंकली ती. ओमाहाला फोन कर."

पुढच्या रविवारी नव्या हंगामाच्या चिठ्ठ्या निघायच्या होत्या. रात्रभर बर्फ पडलं होतं. लीटा आईने दिलेला खसखशीच्या कोलाच्यांचा, गोड भरलेल्या पावांचा, डबा घेऊन, बूट आपटत तळघराचा जिना उतरली. प्रार्थनेनंतर ती मुद्दाम थोडी रेंगाळली होती. उशिरा आलं तरी आपली खुर्ची आपलीच असते, हे तिला एकदा करून बघायचं होतं.

आत आल्यावर ती उंबऱ्यातच थबकली.

टीव्हीसमोरच्या दोन रांगा मोडल्या होत्या. आठही खुर्च्या मागच्या भिंतीला पाठ लावून एका ओळीत मांडल्या होत्या, आणि त्यांच्यावर आठ जण शाळेतल्या पोरांसारखे ताठ बसले होते. कोच मधोमध होते. प्रत्येकाच्या मांडीवर कोट होता, आणि प्रत्येकाचे हात कोटाखाली होते. ड्वेनने तर गुडघ्यांवर चर्चमधली जाड घोंगडी पसरली होती. मागे कुणी बसेल इतकी वीतभरही जागा उरली नव्हती.

"ही काय मांडणी?" लीटाने विचारलं.

"डोळ्यांना बरं असतं," क्लेटन म्हणाला. "टीव्ही लांबून बघावा म्हणतात."

"आणि कोट?"

"गारठा काय कमी आहे?" ड्वेन म्हणाला. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब भुवईपर्यंत ओघळला. पुसायला हात बाहेर काढावा की नाही या विचारात तो थोडा वेळ बसला, आणि मग त्याने थेंबाला ओघळू दिलं. बॉयलर सकाळपासून फुल चालू होता.

लीटाने कोचकडे पाहिलं. कोच छताकडे बघत होते.

नववी खुर्ची एकटीच पुढे ठेवली होती, टीव्हीजवळ, दिव्याच्या बरोबर खाली. तिच्यावर बसणाऱ्याचे हात, खांदे, गुडघे, मान, सगळं आठही जणांना स्वच्छ दिसलं असतं.

लीटाने कोलाच्यांचा डबा टेबलावर ठेवला. खोलीत फारच उकडत होतं. तिने स्वेटर काढला, त्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि बसली.

"चिठ्ठ्या काढा," ती म्हणाली.